शुक्रवारचा रिकामा ट्रे

ढाक्यातल्या मोतिझील भागात बांगलादेश बँकेचं मुख्य कार्यालय आहे. ही त्या देशाची मध्यवर्ती बँक. आपल्याकडे रिझर्व्ह बँक जे काम करते ते तिथे ही बँक करते. परकीय चलनाच्या गंगाजळीतला काही भाग तिने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवला होता. त्या खात्यातून पैसे हलवायचे तर आदेश ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेतून जात. त्यासाठी एक बंदिस्त खोली होती आणि त्या खोलीत एक प्रिंटर होता. व्यवहारांचे निरोप तो आपोआप छापायचा. सकाळी ड्यूटीवर येणाऱ्याने ट्रेमधले कागद उचलायचे आणि आदल्या दिवशीच्या व्यवहारांशी ताडून पाहायचे, असा शिरस्ता होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये या खात्यातून ९५ कोटी १० लाख डॉलर पळवण्याचा प्रयत्न झाला. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर चोरांच्या हाती लागले. या चोरीवर पुस्तक निघालं, माहितीपट निघाला. चोरांच्या हुशारीची चर्चा खूप झाली, पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या प्रिंटरकडे जातं. पैसे कसे गेले यापेक्षा ते गेल्याचं कळायला इतका वेळ का लागला, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाच्या जवळचा आहे. पुढचा घटनाक्रम ढाक्याच्या घड्याळाप्रमाणे दिला आहे. तेव्हा न्यूयॉर्क तिथून ११ तास मागे होतं, मनिला २ तास पुढे.

जानेवारी २०१५ : वर्षभर आधी

बांगलादेश बँकेतल्या अनेक कर्मचाऱ्यांना एक नम्र ईमेल आली. नोकरी मागणारा एक उमेदवार आपला बायोडेटा पाहण्याची विनंती करत होता. असा उमेदवार अस्तित्वातच नव्हता. निदान एका कर्मचाऱ्याने ती फाइल उघडली आणि चोरांना बँकेच्या जाळ्यात शिरायला वाट मिळाली. स्विफ्टची खोली बाकीच्या जाळ्यापासून नीट वेगळी केलेली नव्हती. तिथे सुमारे १० डॉलरचे जुने स्विच बसवले होते आणि फायरवॉल नव्हती, असं तपास अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं.

मे २०१५ : नऊ महिने आधी

मनिलाजवळच्या मकाती शहरात रिझाल कमर्शियल बँकिंग कॉर्पोरेशन, म्हणजे आरसीबीसी, या बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीट शाखेत काही खाती उघडली गेली. नावं खोटी होती, प्रत्येक खात्यात ५०० डॉलर होते. त्यानंतर कित्येक महिने या खात्यांत काहीही हालचाल झाली नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी २०१६, संध्याकाळ

बांगलादेशात शुक्रवार आणि शनिवार साप्ताहिक सुटी असते. गुरुवारी संध्याकाळी कर्मचारी घरी गेले. स्विफ्टच्या संगणकावर चोरांनी पेरलेला प्रोग्रॅम तोवर जागा झालेला होता.

बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश कंपनीच्या अभ्यासकांनी एप्रिल २०१६ मध्ये त्या प्रोग्रॅमची चिरफाड प्रसिद्ध केली. स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी असते. ती नापास झाली की पुढचं काम थांबतं. चोरांनी तिथले फक्त दोन बाइट बदलले. त्यानंतर तपासणीचा निकाल काहीही लागो, काम पुढे जाऊ लागलं. खात्यातली शिल्लक दाखवणारे निरोपही हा प्रोग्रॅम बदलू शकत होता.

पडद्यावरचे आकडे खोटे करणं त्यांना जमलं होतं. कागद मात्र उरला होता. एकदा छापला गेला की तो ढाक्याबाहेर बसलेल्या कोणालाही पुसता येणार नव्हता. म्हणून त्यांनी प्रिंटरसाठी वेगळी तजवीज केली.

संगणक प्रिंटरला जो हुकूम देतो तो पीसीएल नावाच्या भाषेत असू शकतो. कागद कुठल्या ट्रेमधून घ्यायचा, आकार ए४ की लेटर, दोन्ही बाजूंना छापायचं की एकाच, हे सगळं मजकुराच्या आधी याच भाषेत लिहिलेलं असतं. आपण छपाईच्या चौकटीत ‘ट्रे २’ निवडतो तेव्हा अशाच हुकुमातला एक आकडा बदलतो. चोरांच्या प्रोग्रॅमला ही भाषा येत होती. छपाईसाठी तयार झालेल्या फाइली तो वाचायचा, हव्या तशा फिरवायचा आणि शून्यांनी भरून पुसून टाकायचा. प्रिंटरचं मॉडेलही त्यात नोंदलेलं होतं: एचपी लेझरजेट ४०० एम४०१. हे मध्यम आकाराच्या कुठल्याही कार्यालयात दिसणारं, दोन ट्रेचं साधं यंत्र आहे. एका देशाच्या तिजोरीवर हात टाकणाऱ्यांनी त्याची इतकी बारीक दखल घेतली होती.

गुरुवार, रात्री ८.३६

ढाक्यात रात्र होती आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९.३६ वाजले होते. फेडरल रिझर्व्हचा कामाचा दिवस नुकता सुरू झाला होता. बांगलादेश बँकेच्या नावाने पैसे वळते करण्याचे ३५ आदेश निघायला सुरुवात झाली.

आदेशांच्या नमुन्यात त्रुटी होत्या, मधल्या बँकांची नावं दिलेली नव्हती. न्यूयॉर्कने ते परत केले. चोरांनी दुरुस्त्या करून ते पुन्हा पाठवले. यातला एकही निरोप त्या रात्री ढाक्यातल्या ट्रेमध्ये पडला नाही.

गुरुवार मध्यरात्र ते शुक्रवार पहाट

न्यूयॉर्कमध्ये पाच आदेश मंजूर झाले. त्यांची रक्कम होती १० कोटी १० लाख डॉलर. चार आदेशांचे ८ कोटी १० लाख मनिलाला निघाले आणि एका आदेशाचे २ कोटी श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे गेले.

उरलेले ३० आदेश अडकले. शाखेच्या पत्त्यातला ‘ज्युपिटर’ हा शब्द अमेरिकेच्या निर्बंध यादीतल्या एका इराणी जहाजाशी जुळत होता. त्या योगायोगाने यंत्रणेने आदेश बाजूला काढले, माणसांनी ते पाहिले आणि ८५ कोटी डॉलर वाचले. श्रीलंकेचे २ कोटीही पुढे वाचले, कारण संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’ऐवजी ‘फँडेशन’ लिहिलेलं होतं आणि ते मधल्या बँकेच्या नजरेला खटकलं.

संशय आल्यावर न्यूयॉर्कने ढाक्याला विचारणा केली: हे व्यवहार कशासाठी आहेत, खुलासा करा. हे प्रश्न स्विफ्टवरूनच ढाक्याला आले. ते वाचले जाणार होते त्या छापील कागदांवर.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी, सकाळ

सुटीच्या दिवशी ड्यूटीवर असलेले अधिकारी स्विफ्टच्या खोलीत आले. रोज कागदांचा गठ्ठा असायचा तिथे ट्रे रिकामा होता. त्यांनी हाताने छपाई करून पाहिली, ती होईना. असे बिघाड आधीही झाले होते. हा नेहमीचाच घोटाळा असावा असं आपल्याला वाटलं, असं त्यांनी पुढे पोलिसांना सांगितलं. दुरुस्तीचं सहकाऱ्यांना सांगून ते दुपार व्हायच्या आत निघून गेले.

या माणसांना मी दोष देणार नाही. सामायिक प्रिंटर असलेल्या प्रत्येक कार्यालयात माणसं हेच शिकलेली असतात. संगणकाने लेटर आकाराचा कागद मागितला आणि ट्रेमध्ये ए४ असला की प्रिंटर थांबतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए४ २१० बाय २९७. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण प्रिंटर अडून बसतो. कोणीतरी ट्रे १ हाताने कागद घालण्यावर ठेवून जातो आणि मागे सगळ्यांची कामं तुंबतात. कोणी ट्रेमधल्या पट्ट्या नीट सरकवत नाही. अशा दहा प्रसंगांत दहाही वेळा कारण क्षुल्लक निघतं. अकराव्या वेळी प्रिंटर गप्प असला तर मन आपोआप तिकडेच जातं.

फरक ओळखण्याची जागा इथेच आहे. ट्रेची गडबड असते तेव्हा ती सहसा स्वतःहून सांगते. पॅनेलवर कागद भरा असा संदेश येतो, दिवा लुकलुकतो, संगणकावर छपाईच्या रांगेत काम अडकलेलं दिसतं. म्हणजे हुकूम निघाला, प्रिंटरपर्यंत पोचला आणि कागदापाशी थांबला. दुसरी तऱ्हा वेगळी असते. प्रिंटर तयार आहे, कोऱ्या कागदाचा ट्रे भरलेला आहे, रांग मोकळी आहे आणि जे छापून यायला हवं होतं ते मुळात आलेलंच नाही. यात प्रिंटरच्या दुरुस्तीआधी एक प्रश्न विचारावा लागतो: काल रात्री इथून किती निरोप गेले आणि किती आले? त्याचं उत्तर प्रिंटरपाशी नसतं, ते दुसऱ्या, स्वतंत्र नोंदीतून मिळवावं लागतं. ढाक्यात शुक्रवारी हा प्रश्न कोणी न्यूयॉर्कला विचारला नाही. प्रिंटर दुरुस्त झाला की कागद येतील आणि मग पाहता येईल, असा हिशेब होता.

त्या सकाळी मनिलात कामाचा दिवस सुरू होता. न्यूयॉर्कचं कार्यालय त्याच दिवशी ढाक्याच्या संध्याकाळी उघडणार होतं आणि दिवसभर उघडं राहणार होतं. एक फोन करायला पूर्ण दिवस शिल्लक होता.

शुक्रवार, दिवसभरात

ज्युपिटर स्ट्रीट शाखेतल्या त्या जुन्या खात्यांत ८ कोटी १० लाख डॉलर जमा झाले. त्याच दिवशी सुमारे २ कोटी २७ लाख काढले गेले. बाकीचे अजून खात्यांतच होते.

मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचं काम आटोपलं आणि तिथला शनिवार-रविवार सुरू झाला. ढाक्याची सुटी संपायच्या आत न्यूयॉर्कची सुरू होईल, ही वेळ चोरांनी मुद्दाम साधली होती.

शनिवार, ६ फेब्रुवारी, सकाळी ६

चोरांच्या प्रोग्रॅममध्ये त्याच्या कामाची मुदत लिहिलेली होती: ६ फेब्रुवारी, सकाळी ६ वाजेपर्यंत. तोवर तो निरोपांवर पाळत ठेवून होता.

शनिवार, सकाळी ९ च्या सुमारास

अधिकारी पुन्हा खोलीत आले. आता प्रिंटरबरोबर स्विफ्टचं सॉफ्टवेअरही चालू होईना. एक फाइल नाहीशी झाली आहे किंवा बदलली आहे, असा संदेश पडद्यावर येत होता. बिघाड कागदाचा नाही, हे त्या वाक्यातून पहिल्यांदा उघड झालं.

शनिवार, दुपार

खटपट करून निरोप दुसऱ्या मार्गाने छापण्यात आले. त्यांत न्यूयॉर्कने विचारलेले प्रश्न होते. कधीही न दिलेल्या आदेशांबद्दलची विचारणा वाचताना त्या खोलीतल्या माणसांवर काय ओढवलं असेल याची कल्पना करवत नाही. ईमेल गेली, फॅक्स गेला, फोन झाले. न्यूयॉर्कमध्ये शनिवार होता. उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतं.

रविवार, ७ फेब्रुवारी

ढाक्यात कामाचा आठवडा सुरू झाला. न्यूयॉर्क आणि मनिला दोन्हीकडे रविवार होता. शुक्रवारी जो प्रश्न एका फोनवर सुटू शकला असता, त्याला आता तीन देशांच्या सुट्यांनी वेढलं होतं.

सोमवार, ८ फेब्रुवारी

पैसे थांबवा, अशी विनंती ढाक्याहून आरसीबीसीला गेली. फिलिपिन्समध्ये त्या दिवशी चांद्र नववर्षाची सुटी होती. चोरांनी सुट्यांच्या साखळीतली ही शेवटची कडीही हेरून ठेवली होती. पैशांचा मोठा भाग अजून शाखेतच पडून होता.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

शाखा उघडली. थांबवण्याची विनंती बँकेपर्यंत पोचलेली असतानाही उरलेले सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर त्याच दिवशी बाहेर गेले. तिथून पैसा चलन बदलणाऱ्या एका कंपनीकडे आणि पुढे मनिलाच्या कॅसिनोंत गेला. कॅसिनो तेव्हा फिलिपिन्सच्या अवैध पैशांविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत नव्हते. जुगाराच्या टेबलावर पैसा पोचला की मागोवा संपत असे.

शुक्रवारी सकाळी ट्रे रिकामा दिसल्यापासून मंगळवारी सकाळी शाखा उघडेपर्यंत नव्वदहून अधिक तास गेले. या तासांत चोरीच्या सुमारे सत्तर टक्के रकमेला हातही लागला नव्हता.

त्यानंतर

फेब्रुवारीच्या अखेरीस फिलिपिन्सच्या एका वृत्तपत्राने बातमी फोडली. १५ मार्च २०१६ रोजी बांगलादेश बँकेचे गव्हर्नर अतीउर रहमान यांनी राजीनामा दिला. फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेने आरसीबीसीला १ अब्ज पेसोंचा दंड ठोठावला. शाखेच्या व्यवस्थापिकेला जानेवारी २०१९ मध्ये शिक्षा झाली. अमेरिकेने सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर कोरियाच्या एका प्रोग्रॅमरवर आरोप ठेवले. पहिल्या वर्षात सुमारे दीड कोटी डॉलर परत मिळाले.

६ फेब्रुवारी २०१८ : दोन वर्षांनी, भारतात

तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे मुख्यालय असलेल्या सिटी युनियन बँकेचा स्विफ्टला जोडलेला प्रिंटर बंद पडला. तो चोरांनी बंद पाडला होता. त्या संध्याकाळी बँकेच्या नावाने तीन खोटे आदेश गेले. ते दुबई, तुर्कस्तान आणि चीनमधल्या खात्यांसाठी होते आणि त्यांची एकूण रक्कम सुमारे २० लाख डॉलर होती. आदेश पोचल्याच्या पावत्या प्रिंटरवर यायला हव्या होत्या, त्या आल्या नाहीत.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी हिशेबाचा ताळमेळ घेताना आपण न केलेले व्यवहार बँकेला सापडले आणि संबंधित बँकांशी संपर्क साधला गेला. एक आदेश तर आधीच अडवला गेला होता. युक्ती ढाक्यातलीच होती, मात्र ती तितका वेळ झाकून राहिली नाही. प्रिंटर बंद असतानाही बँकेचा ताळमेळ चालू होता, हा त्यातला मुख्य फरक.

११ ऑगस्ट २०१८ : पुणे

त्याच वर्षी आपल्या पुण्यात कॉसमॉस सहकारी बँकेवर शनिवारी हल्ला झाला. एटीएममधून पैसे द्यायचे की नाही हे बँकेची यंत्रणा ठरवते. चोरांनी तिच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली आणि तीच होकार देत राहिली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्टवरून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा होता. इथे प्रिंटरचा संबंध नव्हता, पण घाव त्याच ठिकाणी बसला. व्यवहाराची खातरजमा करणारा जो दुवा होता तोच चोरांनी ताब्यात घेतला.

आपल्या कार्यालयासाठी

महाराष्ट्रात अनेक नागरी बँका, पतसंस्था, औषधांची गोदामं, रुग्णालयं आणि कारखाने आहेत. त्यातल्या कित्येक ठिकाणी प्रिंटरवर आपोआप पडणारा कागद हाच दिवसाचा पुरावा असतो. रोजची व्यवहारपत्रिका, प्रयोगशाळेचा अहवाल, मालाची पावती. अशा प्रिंटरचा बिघाड आणि रजेचा अर्ज छापणाऱ्या प्रिंटरचा बिघाड एकाच वहीत, एकाच तातडीने लिहिला जाऊ नये.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. पुराव्याचा कागद छापणारा प्रिंटर वेगळा ठेवा. त्याच्या ट्रेचा आकार, कागद आणि मांडणी कायमची ठरवून टाका, म्हणजे किरकोळ अडथळे कमी होतील आणि खरा बिघाड उठून दिसेल. तो छापत नाही असं दिसलं की आधी पॅनेल आणि रांग पाहा. काम कागदापाशी अडलं असेल तर ट्रे दुरुस्त करा. रांग मोकळी आणि कोरा कागद भरलेला असूनही काहीच छापून आलेलं नसेल तर तंत्रज्ञाला बोलावण्याआधी मूळ यंत्रणेतून किंवा समोरच्या पक्षाकडून यादी मागवा: काल काय गेलं, काय आलं. त्यासाठी लागणारे फोन नंबर, सुटीच्या दिवशी चालणारे नंबर धरून, कागदावर लिहून भिंतीवर लावा. वरिष्ठांना कळवण्याची मुदत तासांत ठरवा, आणि सुटीच्या दिवशी एकट्याने ड्यूटी करणाऱ्याला तो फोन करण्याचा अधिकार लेखी द्या.

चोरांचा प्रोग्रॅम अवघड होता आणि तो कुठल्याही कारकुनाला ओळखता आला नसता. ट्रे रिकामा आहे हे मात्र पहिल्याच सकाळी दिसलं होतं. जो कागद रोज येतो तो एके दिवशी आला नाही, तर त्यात काय लिहिलेलं असायला हवं होतं हे त्याच दिवशी शोधा. प्रिंटर दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला तरी चालतो.